नळ, नळी आणि गोमुख

ज्या गावी आषाढात पाऊस एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही, त्या महाबळेश्वरात झाडांना पाणी घालायला रबरी नळी कशाला हवी, असा प्रश्न एखाद्याला सहज पडेल. वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथे कोसळतो. पूर्वी तर पावसाळा तोंडावर आला की बंगल्यांच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधून साऱ्या घरालाच इरले घालीत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे माहेर ते हेच. पण लेकी माहेरी राहून राहून किती दिवस राहणार? दसरा उलटतो, पाऊस पाठ फिरवतो, आणि पठारावर पडलेले पाणी जांभ्या दगडातून झिरपत, कड्यांवरून उड्या घेत, कृष्णा-कोयनेच्या वाटेने पूर्वेकडे आणि सावित्रीच्या वाटेने कोकणात केव्हाच निघून गेलेले असते. मागे उरतात काही झरे, काही विहिरी आणि साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधलेला वेण्णा तलाव. टंचाईच्या वर्षी तर एप्रिल-मे महिन्यांत आसपासच्या वाड्यावस्त्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. तेव्हा पावसाच्या या माहेरघरीही दिवाळीपासून पुढचे सहा-सात महिने झाडांची तहान माणसालाच भागवावी लागते, आणि नळाला नळी जोडावीच लागते.

वाचकहो, कथा-कविता, रंगीत चित्रे आणि फराळाची ताटे यांच्या गर्दीत हा नळाचा आणि नळीचा विषय म्हणजे बेसनाच्या लाडवात खडा लागावा तसा वाटेल. पण या पानाचा शिरस्ताच असा की, घरात रोज हाताळली जाणारी आणि कधीच न पाहिली जाणारी एखादी वस्तू उचलावी आणि तिच्याविषयी चार गोष्टी बोलाव्यात. गेल्या दिवाळीत कुलूप झाले, यंदा नळी. शिवाय हा विषय दिसतो तेवढा फुटकळ नाही. नळीचा जोड नीट बसला नाही तर पाणी वाया जाते, हे आपण सारेच जाणतो. जोड अगदी नीट बसला तरी त्याच नळीतून घरात दुखणे शिरू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते सांगावे, एवढ्यासाठीच आजचा हा प्रपंच.

आधी जोडाचे पाहू. महाभारतात दमयंतीपुढे स्वयंवराच्या मंडपात हुबेहूब एकसारखे पाच नळ येऊन उभे राहिले होते. चार देव आणि एक खरा नळराजा. त्या चार देवांत एक तर साक्षात वरुण, म्हणजे पाण्याचाच देव! नळसामानाच्या दुकानात उभ्या राहिलेल्या गृहस्थाची अवस्था त्या दमयंतीहून काही बरी नसते. दुकानदार पितळेचे आणि प्लॅस्टिकचे पाच तुकडे समोर मांडतो. पाचही सारखेच दिसतात. वर तो विचारतो, "साहेब, यातला कुठला देऊ?" दमयंतीने खरा नळ ओळखला तो लक्षणांवरून. देवांना घाम नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, पाय भुईला टेकत नव्हते. आपल्यालाही लक्षणांकडेच पाहिले पाहिजे.

पहिले लक्षण तोटीच्या तोंडाशी दिसते. तोंडाला बाहेरून आटे असतील, तर फिरवून बसणारा जोड घ्यावा. तोंड गुळगुळीत असेल, तर नळी त्यावर चढवून वरून पट्टा आवळावा लागेल. निमुळती, कंगोरे असलेली चोच असेल, तर ती तोटी नळीसाठीच घडवलेली आहे. दुकानात तिला नोझलची तोटी म्हणतात. आणि तोंडात बारीक जाळी बसवलेली असेल, तर ती बेसिनची किंवा स्वयंपाकघरातली तोटी. तिच्या वाटेला न जावे हे उत्तम.

दुसरे लक्षण मापाचे. येथे भाषेच्या माणसाला मोठी मौज वाटते. तोटीचे माप आपण 'अर्धा इंच' म्हणून सांगतो. पण पट्टी घेऊन तिच्या आट्यांची बाहेरची रुंदी मोजली, तर ती भरते जवळजवळ २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही थोडी जास्तच! मग हा अर्धा इंच आला कुठून? तो जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीचा. पुढे नळाची जाडी बदलली, धातू बदलला, प्लॅस्टिक आले. नाव मात्र तेच राहिले. 'पाऊण इंची' तोटी अशीच बाहेरून साडेसव्वीस मिलिमीटरांच्या आसपास भरते. शब्दाचा मूळ अर्थ झिजून जावा आणि शब्द तेवढा चलनात राहावा, हे भाषेत नेहमीचेच आहे. तेल हा शब्द तिळापासून आला, पण म्हणून खोबरेल तेलाला तेल म्हणायचे आपण सोडले नाही. तात्पर्य इतकेच की, दुकानात जाताना माप तोंडी सांगू नये. जुना जोड किंवा नळीचा वीतभर तुकडा पिशवीत घालून न्यावा आणि तेथेच बसवून पाहावा.

तिसरे लक्षण आट्यांच्या दाटीचे. ज्याचे त्याचे आटे निराळे, अशी एके काळी इंग्लंडातही बजबजपुरी होती. वेण्णा तलाव बांधला गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १८४१ साली, जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियराने सर्वांनी एकाच मापाचे आटे पाडावेत असा आग्रह धरला. आपल्या नळांचे आटे त्याच घराण्यातले. अर्ध्या आणि पाऊण इंची नळावर ते इंचाला चौदा असतात. अमेरिकेत बागेच्या नळीला मात्र इंचाला साडेअकरा. हल्ली परदेशी असलेली मुले सुट्टीवर येताना आईच्या बागेसाठी तिकडची फवाऱ्याची नळी हौसेने घेऊन येतात. ती आपल्या पाऊण इंची तोटीवर एखादा फेरा गोडीने फिरते आणि मग अडून बसते. अशा वेळी पान्हा घेऊन जोर करू नये. पितळेचे आटे तिरपे कापले जातात, आणि ती तोटी मग ना इकडच्या नळीच्या कामाची राहते ना तिकडच्या.

आता एका गैरसमजाविषयी. पुष्कळांना वाटते, पाणी अडवतात ते आटे. म्हणून जोड गळू लागला की ते तो आवळतात, पुन्हा आवळतात, आणि शेवटी भिंतीतला एल्बो हलू लागतो. वास्तविक काढता-घालता येणाऱ्या जोडात आट्यांचे काम फक्त धरून ठेवण्याचे. पाणी अडवतो तो आतला एवढासा रबरी वॉशर. तो वाळून कडक झाला असेल, चिरला असेल किंवा पडून हरवला असेल, तर भीमाने आवळले तरी जोड गळणारच. नवा वॉशर सपाट बसवावा, जोड हाताने घट्ट होईतो फिरवावा, आणि वर फार तर पाव फेरा द्यावा. टेफ्लॉनची पांढरी फीत गुंडाळायची ती दुसऱ्या जागी, तोटीचे शेपूट भिंतीतल्या एल्बोत कायमचे बसते तेथे. पूर्वी त्या जागी ताग आणि सफेदा लावीत. फीत आट्यांच्या फेऱ्याच्याच दिशेने गुंडाळली म्हणजे तोटी फिरवताना ती सुटत नाही, उलट आवळत जाते.

गुळगुळीत तोटीचे शास्त्र निराळे. तेथे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपचार म्हणजे सायकलच्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर चिंधी, चिंधीवर सुतळी आणि सर्वांवर तार. ती तोटी रणांगणावरून परतलेल्या शिपायासारखी दिसते, आणि तरीही गळते. त्यापेक्षा नळीचे टोक मिनिटभर कढत पाण्यात धरावे. प्लॅस्टिक मऊ पडते, नळी तोटीवर दोन-तीन बोटे सहज सरकते आणि गार होता होता आपणच घट्ट बसते. मग तिच्यावर पेचाची पोलादी क्लिप लावावी. अगदी काठाशी नव्हे, बोटभर आत. ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन या अधिकाऱ्याने १९२१ साली ही क्लिप काढली आणि जगातल्या कितीतरी चिंध्या-सुतळ्यांना सुट्टी दिली.

इतके करूनही एखादे दिवशी जोड फाडकन्‌ निसटतो आणि जवळ उभ्या असलेल्याला अवेळी अभ्यंगस्नान घडते. कारण साधे आहे. टाकी तोटीहून दहा मीटर उंच असेल, तर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो पडतो. नळीचे दुसरे तोंड मोकळे असते तोवर पाणी निघून जाते आणि जोडाला फारसे जाणवत नाही. पण घरातल्या चिरंजीवांनी गंमत म्हणून त्या तोंडावर अंगठा दाबून धरला, की सगळा भार मागे जोडावर येतो. अर्ध्या इंची तोटीवर तो होतो सुमारे साडेतीन किलो. महाबळेश्वरासारख्या चढउताराच्या गावी टाकी टेकाडावर आणि बाग खाली उतारावर असली, तर त्याच्या दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो. म्हणून पाणी बंद करायचे ते तोटीपाशी, नळीच्या तोंडापाशी नव्हे. आणि नळीचे ओझे तोटीला लोंबत ठेवू नये. भिंतीला एक खुंटी मारून तिच्यावर द्यावे.

महादेवाच्या पिंडीवर आपण तांब्याचे पात्र टांगून थेंब थेंब धार धरतो, तिला गळती म्हणतात. ती गळती पुण्याची. नळीच्या जोडाला लागते तीही गळतीच, पण तिचा हिशेब वेगळा. जोडाखाली पेला ठेवून घड्याळ लावा. दोनशे मिलिलिटरांचा पेला दहा मिनिटांत भरला, तर दिवसाला जवळजवळ एकोणतीस लिटर पाणी गेले. म्हणजे दोन बादल्या. तोटी आणि तोटा हे शब्द मराठीत इतके जवळजवळ उगीच राहत नसावेत!

येथवर झाले ते नासाडीविषयी. आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

आमच्या एका स्नेह्यांचा महाबळेश्वरास उतारावर छोटासा बंगला आहे. बाग टप्प्याटप्प्यांची. वरच्या टप्प्यावर गुलाब आणि हायड्रेंजिया, मधल्यावर घर आणि अंगण, खाली स्ट्रॉबेरीचे चार वाफे. बाहेरून येणाऱ्या एकाच नळावर स्वयंपाकघराचीही तोटी आणि अंगणातलीही. एका डिसेंबरात आम्ही उभयता तेथे पाहुणे होतो. माळीमामांनी सकाळी अंगणातल्या तोटीला नळी जोडली आणि तिचे टोक वरच्या टप्प्यावरच्या पिंपात सोडले. पिंपात शेणकाला भिजत घातला होता. पाणी घालून तो पातळ करायचा होता. जोड मोठा देखणा. नवा वॉशर, खाली थेंब नाही. इतक्यात नळाचे पाणी गेले. मामा तोटी तशीच उघडी टाकून चहाला गेले. इकडे वहिनींनी स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याची कळशी लावून तोटी सोडली, तर पाणी आले! गेलेले पाणी परत आले म्हणून क्षणभर त्यांना बरे वाटले. पण कळशीत पडत होते ते हिरवट, आणि त्याला वास होता.

"मामा, आज नळाला असं कसं पाणी येतंय हो?" त्यांनी हाक मारली.

मामा धावत आले. कळशीत डोकावले, वरच्या टप्प्याकडे पाहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "वैनी, ह्ये पानी गावाचं न्हाई. आपलंच पिंप उलटं खाली आलंया!"

त्या दिवशी रंग आणि वास यांनीच घरादाराला वाचवले. पिंपात नुसतेच दूषित, पण दिसायला स्वच्छ पाणी असते, किंवा बिनवासाचे औषध असते, तर कळशी भरून माठात रिती झाली असती आणि मुलांनी पेले भरभरून ते पाणी प्याले असते.

यात चमत्कार काही नाही. नळीला तोंडे दोन. त्यांतले देणारे कोणते आणि घेणारे कोणते, हे पाण्याला ठाऊक नसते. दाब जिकडे कमी, तिकडे ते जाते. वरचे पिंप खालच्या कळशीत उतरले हे तर सरळच झाले. पण पिंप वर नसले म्हणून धोका टळत नाही. आपल्या बहुतेक गावांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ते बंद झाले की मोठ्या नळातले पाणी उताराकडे ओसरते आणि मागे पोकळी राहते. अशा वेळी तोटी उघडली, तर पाणी देण्याऐवजी ती सूं करून हवा आत ओढते, हा अनुभव कोणाला नाही? आता त्याच तोटीला नळी लावलेली असेल आणि नळीचे टोक झाडाच्या आळ्यातल्या चिखलात, मोरीतल्या बादलीत किंवा फवारणीच्या औषधात बुडालेले असेल, तर ती हवेऐवजी तेच ओढून घेणार. दुसऱ्या दिवशी पाणी आले की पहिल्या धारेबरोबर ते आपल्या घरात, कदाचित शेजाऱ्याच्याही घरात. कावीळ, विषमज्वर, आमांश ही मंडळी यायला एवढे दार पुरते.

हा धोका केवळ आडगावचा आहे असेही कोणी समजू नये. १९३३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या वेळी तेथील हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे चौदाशे माणसे आजारी पडली आणि ९८ दगावली. त्या श्रीमंत हॉटेलांत पाण्याला कमतरता नव्हती, नळही चकचकीत होते. पाणी उलट्या वाटेने येऊ शकते, एवढाच विचार राहून गेला होता.

उपाय शोधायला मात्र शिकागोस जायला नको. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात जावे. पाच नद्यांचे पाणी तेथे दगडी गोमुखातून कुंडात पडते. ते पडणे जरा निरखून पाहावे. गोमुख कुंडात बुडालेले नाही. धार मोकळ्या हवेतून खाली येते. कुंडात कोणी हातपाय बुडवो, फुले पडोत, पाने पडोत, तिथला एक थेंबही परत गोमुखात शिरू शकत नाही. पाणी खाली उडी घेते. वर उडी घेण्याची विद्या त्याला नाही. पिंडीवरची गळतीसुद्धा अशीच अधांतरी टांगलेली असते. आजच्या नळशास्त्रातही सर्वांत खात्रीचा उपाय म्हणून जो सांगतात तो हाच: पाणी देणारे तोंड आणि पाणी घेणारे भांडे यांच्यामध्ये हवा ठेवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणले, त्या नळालाही जागोजाग उच्छ्वास ठेवलेले होते. पाण्याच्या वाटेलाही हवा लागते, हे आपल्या जुन्या कारागिरांना पुरते उमगले होते.

तेव्हा पिंप किंवा बादली भरायची असेल, तर नळीचे टोक आत सोडू नये. काठाच्या वर चार बोटे राहील असे बांधावे. झाडांना पाणी देऊन झाले की आधी तोटी बंद करावी, मग नळी तोटीवरून सोडवून घ्यावी, तिच्यातले पाणी निथळू द्यावे आणि गुंडाळून सावलीत टांगावी. नळी रात्रंदिवस तोटीला लावून ठेवण्याची सवय तेवढी मोडावी. ज्यांना ती लावून ठेवणे भागच आहे, त्यांनी तोटीच्या मागे एकमार्गी झडप बसवून घ्यावी. दुकानात 'एनआरव्ही' म्हटले की देतात. तिच्यावरचा बाण पाणी जाण्याच्या दिशेने आहे एवढे पाहावे. महाबळेश्वर-पाचगणीच्या ज्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती गादीवाफ्यांवर ठिबकच्या नळ्यांनी वाढते. त्याच नळ्यांतून खतही दिले जाते, आणि खताचे पाणी उलटे विहिरीत जाऊ नये म्हणून ठिबकच्या संचाला अशी झडप लावण्याची रीत आहे. शेतकरी विहिरीची जी काळजी घेतो, ती आपण माठाची घ्यावी, इतकेच. आणि हो, उन्हात तापलेल्या नळीतले पाणी मुलांना पिऊ देऊ नये. ती नळी झाडांसाठी केलेली असते.

दिवाळीच्या साफसफाईत माळे झाडून होतात, डबे घासून होतात, पणत्या भिजत पडतात. त्याच हाताने अंगणात, गच्चीत किंवा मोरीत जाऊन नळीचे दुसरे टोक कशात पडले आहे ते एकदा पाहावे आणि उचलून खुंटीवर ठेवावे. या कामाला पैसा लागत नाही, कारागीर लागत नाही. नव्या वर्षात आपल्या सर्वांच्या घरी धनधान्य येवो, पाहुणे येवोत, आणि पाणी मात्र सदैव एकाच दिशेने वाहो, ही शुभेच्छा.